रुग्णसेविका ब्युरो : मावशी चोख, फोन मात्र सुनेलाच
सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुण्यातील एका ब्युरोकडून आम्ही बारा तासांसाठी मावशी ठेवल्या. कूस बदलणे, स्पंजिंग, औषधांच्या वेळा वहीत टिपणे, सारे त्यांनी मायेने आणि चोख केले. तक्रार आहे ती ब्युरोबद्दल. अर्जावर संपर्कासाठी यजमानांचा क्रमांक ठळक लिहिलेला असूनही, मावशींची रजा असो वा डायपर संपलेले असोत, प्रत्येक फोन मलाच, तोही मी कार्यालयात असताना, आला; बिल तेवढे बिनचूक त्यांना गेले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे नोंदली गेली. असले फोन कोणत्या रकान्यात धरतात, कोण जाणे. बदली मावशी दुसऱ्या दिवशी आल्या, तोवर रजा माझीच पडली.