झिरो बॅलन्स खातं आणि अंगठ्याचं मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

जनधनचं खातं उघडणं आता अवघड राहिलेलं नाही. भाडेकरार नसतो, आधारवर गावाचा पत्ता असतो, म्हणून वस्तीतली माणसं अडून बसतात. पण आधारने ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) होत असेल तर सध्याच्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र चालतं. काहीच कागद नसतील तर फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर ‘छोटं खातं’ मिळतं. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही, वर्षभरात एकूण एक लाखच जमा होऊ शकतात आणि महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. बिगारी कामाची मजुरी खात्यात येत असेल तर ही वर्षाची मर्यादा लवकर संपते, तेव्हा कागद मिळाले की ते देऊन छोट्या खात्याचं लगेच पूर्ण खातं करून घ्या.

खरी परीक्षा पैसे काढताना होते. बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीकडे, आधार क्रमांक आणि बोट दिलं की रोख हातात, रांग नाही. सोय उत्तमच. पण सिमेंट कालवणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ‘मिसमॅच’ दाखवतं. बोट धुऊन पूर्ण कोरडं करा, टोक न ठेवता मधला फुगीर भाग काचेवर सपाट टेकवा. अंगठाच हवा असं नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. ज्या हाताने काम कमी होतं तो आधी लावून बघा. तरीही जमत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करणं, हाच पक्का इलाज. एमआधार या मोबाइल अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर बोट कितीही स्वच्छ असलं तरी व्यवहार होणार नाही.

‘सर्व्हर डाउन आहे, पुन्हा बोट लावा’ असं ऐकलं की हात मागे घ्या. आधी मेसेज किंवा मिनी स्टेटमेंट बघा, कारण पहिल्याच वेळी पैसे कट झालेले असू शकतात. फेल व्यवहाराचीही पावती मागा. तिच्यावरचा १२ अंकी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही. कट झालेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवी, पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काउंटरवर तो आपणहून कोणी सांगत नाही. बँक मित्राने वरचे ‘दहा-वीस’ स्वतः मागणंही नियमात बसत नाही.

अनुदान ‘गायब’ होण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ आधार सीडिंगमध्ये, म्हणजे आधार कुठल्या बँक खात्याशी जोडलंय त्यात, असतं. खाती दोन असली तरी सरकारी पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की उलगडा होतो; उगाच जुन्या शाखेत हेलपाटे नकोत.

रुपे कार्ड ट्रंकेत पडून असतं, ते चूक. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या जनधन खात्यांना दोन लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डचा एक तरी यशस्वी व्यवहार लागतो. शिवाय बोट न उठल्याच्या दिवशी एटीएम कामाला येतं. महिन्यातून चार वेळा काढणं मोफत, म्हणून रोज शंभर-शंभर काढू नका.

ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसताना उचल घेण्याची, मर्यादा कागदावर १०,००० आहे. त्यातले २,००० विनाअट म्हणतात, पण आधी सहा महिने खातं नीट चाललेलं लागतं. अडीनडीला ते धरून चालू नका.