पीएमपीचा ऑनलाइन कोर्स, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

राहायला ठाण्यात, नोकरी महापेला इंजिनिअरिंग कंपनीत. पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, पीएमआय या अमेरिकन संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरसाठीचं सर्टिफिकेट, त्याच्या परीक्षेसाठी पावसाळ्यापासून ऑनलाइन कोर्स करतोय, वीकेंडला लाईव्ह क्लास, बाकी रेकॉर्डिंग आणि मॉक टेस्ट. नाव देत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही कोर्सला लागू आहे.

परीक्षेचा फॉर्म भरायला लागणारं ३५ तासांच्या शिक्षणाचं सर्टिफिकेट सगळेच देतात, त्यावर भुलून पैसे भरू नका. मला खरा फायदा झाला तो लाईव्ह क्लासमधल्या प्रश्नांच्या चर्चेचा. आमच्याकडे काम कसं, ड्रॉइंग मंजूर, मग पीओ (खरेदीची ऑर्डर), मग फॅब्रिकेशन, मग साइट, आणि परीक्षेत बघा तर जवळजवळ निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल (काम छोट्या टप्प्यांत, बदल करत पुढे नेणं) आणि हायब्रिडचे (जुनी-नवी पद्धत मिसळून). टीममधल्या दोघांचं पटत नाही, प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं असा प्रश्न येतो आणि चारही पर्याय बरोबर वाटतात, आपल्या प्लँटमध्ये आपण सरळ साहेबांच्या कानावर घातलं असतं पण तिथे अपेक्षा अशी की आधी दोघांशी बोला, कारण शोधा, वर नेणं सगळ्यात शेवटी. आमच्या सरांनी प्रत्येक वेळी उरलेले तीन पर्याय का चुकीचे ते बोलून दाखवलं, ते ऐकून ऐकून डोकं त्या पद्धतीने चालायला लागलं, हे नुसतं वाचून मला जमलं नसतं. त्यामानाने गणित सोपं हो, ४० लाखांचं काम झालं आणि खर्च ५० लाख तर सीपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले खर्च, ०.८, संपलं.

रेकॉर्डिंग मात्र निराशाजनक. घणसोलीपर्यंतच्या लोकलमध्ये बघायला बरं पडतं, पण बऱ्याच स्लाइड जुन्या, पीएमआयच्या जुन्या पुस्तकातल्या ४९ प्रोसेस पाठ करा म्हणणाऱ्या. जानेवारी २०२१ ला आलेल्या पॅटर्नमध्येच प्रश्नांची वाटणी पीपल (माणसं सांभाळणं) ४२ टक्के, प्रोसेस ५० आणि बिझनेस एन्व्हायर्न्मेंट ८ अशी होती, तिथे पाठांतराचा उपयोग फार कमी. पीएमआयच्या साइटवर परीक्षेचा आराखडा फुकट मिळतो, फी भरायच्या आधी कोर्सचा सिलॅबस त्याच्याशी ताडून बघाच.

फॉर्मसाठीची मदत छान होती. चार वर्षांची डिग्री असेल तर ३६ महिन्यांचा अनुभव, डिप्लोमाला ६०, पण "साइट इंजिनिअर होतो" एवढं लिहून भागत नाही, तुम्ही स्वतः काय लीड केलं ते लिहायचं. आमच्या बॅचमधल्या डिप्लोमावाल्या मित्राकडून सरांनी ते दोनदा लिहून घेतलं.

मॉक पूर्ण लांबीचे द्या, २०२१ च्या पॅटर्नमध्ये १८० प्रश्न २३० मिनिटांत होते, मधे दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक, आणि ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांवर जाता येत नाही. ही सवय आधीच हवी. घरून परीक्षा देता येते पण खोलीत दुसरं कोणी चालत नाही, आमच्या वन बीएचकेत ते अवघड, त्यामुळे मी सेंटर घेणार आहे.

कोर्स घेणार असाल तर डेमो लेक्चर बघू नका, ते सगळ्यांचंच चकाचक असतं. त्याऐवजी मॉकमधल्या एका प्रश्नाचं स्पष्टीकरण दाखवा म्हणा, चुकीच्या पर्यायांबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर दुसरा कोर्स शोधा.