सत्तर अंशांवरचे सेल्युलेज: काम चोख, माहितीपत्रक अपुरे

उसाच्या चिपाडापासून साखर मिळवण्याच्या प्रयोगांसाठी आम्ही एका पुरवठादाराकडून उष्णतास्थिर म्हणून विकले जाणारे सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारे विकर (एन्झाइम), मागवले. ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचे नेहमीचे सेल्युलेज ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम चालते आणि त्याच्या बरेच वर गेल्यास लवकरच मान टाकते. या विकरात मात्र प्रोलीन हे अमिनो आम्ल व गंधकाचे डायसल्फाइड बंध नेमक्या जागी बसवून प्रथिनाची घडी घट्ट केली आहे, असे माहितीपत्रक सांगते. ही वाट नवी नाही. निर्देशित उत्क्रांतीसाठी (विकरांत बदल घडवून सरस ठरणारे निवडत जाण्याच्या पद्धतीसाठी) २०१८ चे नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने निरनिराळ्या बुरशींच्या सेलोबायोहायड्रोलेजचे (सेल्युलेजचाच एक प्रकार) तुकडे जोडून अधिक टिकाऊ विकरे घडवली होती.

७० अंशांवर रात्रभर ठेवलेला, लापशीसारखा घट्ट लगदा सकाळी ताकासारखा पातळ झालेला पाहून आम्ही खूश झालो. गाळणकागदाच्या ५० मिलिग्रॅमच्या पट्टीवरील चाचणीतही सुटलेली साखर रंगाने दाखवणारा पिवळा डीएनएस द्राव उकळल्यावर गडद विटकरी झाला.

ग्लुकोज वेगळे मोजले तेव्हा मात्र ते फारच कमी निघाले. मिश्रणातील बीटा-ग्लुकोसिडेज हे दुसरे विकर सेलोबायोज या जोडसाखरेचे ग्लुकोज करते; ते त्या तापमानाला टिकत नसल्याने सेलोबायोज साचत होते आणि ते मुख्य विकरालाच अडवत होते. तापमान ५० वर आणून बीटा-ग्लुकोसिडेज वरून घातल्यावर प्रश्न सुटला, पण ‘संपूर्ण मिश्रण उष्णतास्थिर’ असे छापणाऱ्याने हे आधीच सांगायला हवे होते. शिवाय बाटली पोहोचली तेव्हा खोक्यातील बर्फाचे पाणी झालेले होते. लगदा पातळ करण्यापुरते हे विकर मी पुन्हा घेईन.