काजूच्या युनिटात आधी काय घ्यायचं, कमरेचे पट्टे की लिफ्ट टेबल?

डिचोलीला माझ्या मावसभावाचं छोटं काजूचं युनिट आहे, दहाबारा माणसं कामाला. सीझनमध्ये एकदोघं तरी कंबर धरून घरी बसतातच, म्हणून परवा तो विचारत होता की सगळ्यांना पट्टे आणून देऊ की एक लिफ्ट टेबल, म्हणजे माल ठेवून वरखाली करता येणारं टेबल, घेऊ. एका टेबलाच्या पैशात पट्टे ढिगाने येतात, त्यामुळे त्याचा जीव अडकणं साहजिक आहे, पण मी टेबलच घे म्हटलं.

पट्टा मी स्वतः दोन वर्षं लावलाय, वेर्ण्याला एका गोदामात होतो तेव्हा. मे महिन्यात अर्ध्या तासात आत घामाच्या धारा लागतात, मग माणूस वेल्क्रो ढिला करतो आणि ढिल्या पट्ट्याचा काडीचा उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे पट्टा बांधला की उगाच बळ आल्यासारखं वाटतं. मी असाच एकदा दोघांनी उचलायचं पोतं एकट्याने उचललं, वळताना अशी कळ गेली की तिथेच खाली बसलो, पुढे पंधरा दिवस चपलेत पाय घालायला पण वाकता येईना. अमेरिकेतल्या नायॉश ह्या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगून ठेवलंय की पट्ट्यामुळे धडधाकट कामगाराची दुखापत टळते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आधीच दुखणं आहे आणि डॉक्टरने पट्टा दिलाय त्याची गोष्ट वेगळी, त्याने लावावा.

टेबलाचं काम कसं चालतं ते त्याच नायॉशच्या हिशोबात दिसतं. सगळं सोयीचं असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ आणि हात साधारण ७५ सेंटीमीटर उंचीवर, तर एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो. तेच जमिनीवरून उचललं तर १८च्या आसपास, आणि त्यातही हात लांब करून ओझं शरीरापासून ५० सेंटीमीटर दूर धरलं तर जेमतेम ९ किलो! आता निर्यातीचा खोका घ्या, ११.३४ किलोचे दोन टिन, नुसता काजूच २२.६८. टिन आणि खोक्याचं वजन धरलं तर टेबलावर जवळ असला तरी मर्यादेच्या थोडा वरच जातो, जमिनीवर असेल तर पार बाहेर. खोका तोच, माणूस तोच, बदलली ती फक्त उंची. कच्च्या बियांचं ८० किलोचं पोतं तर टेबल असो नसो, एकट्याने उचलायचंच नाही, ते सरळ पॅलेटवरूनच, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवरूनच, हलवायचं.

इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो, टेबल महाग म्हणून हँड पॅलेट ट्रक घेतात. तो माल इकडून तिकडे नेतो, दोन टन पण ओढतो, पण वर उचलतो साधारण २० सेंटीमीटरच, म्हणजे वाकायचं ते वाकायचंच. आणि त्याला फरशी सपाट लागते, उखडलेल्या कोब्यावर चाकं अडकतात, टरफलाचं तेल सांडलं असेल तर पाय घसरतो ते वेगळंच.

पैसे अगदीच नसतील तर यंदा चार रिकामी लाकडी पॅलेट एकावर एक रचून खोके त्यावर ठेवा, दोनेक फूट उंची मिळते. टेबल घ्यायला जाल तेव्हा मात्र टेप घेऊन जा, ते पूर्ण खाली आल्यावर किती उंच राहतं आणि पूर्ण वर किती जातं ते समोर मोजून घ्या, आणि पॅकिंग करणाऱ्या बायकांना तिथे उभं करून हात कुठे येतात ते बघूनच ऑर्डर द्या.