को-कल्चर इन्सर्ट: लांबचं बोलणं ऐकायला झकास, पण स्पर्शाचं काय?

ट्यूमरमधल्या कॅन्सर सेल्स आणि त्यांच्या आजूबाजूचे फायब्रोब्लास्ट (टिश्यूचा आधार-सांगाडा बनवणाऱ्या सेल्स) एकमेकांशी काय बोलतात हे बघायचं असेल तर को-कल्चर (दोन प्रकारच्या सेल्स एकत्र वाढवणं) करायचे हे इन्सर्ट लागतातच. बरेच दिवस वापरतेय म्हणून लिहितेय, कंपनीचं नाव नाही घेत, सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) बसणारी छोटी वाटी, तिच्या तळाला बारीक भोकांची मेम्ब्रेन, बस एवढंच. वर फायब्रोब्लास्ट, खाली कॅन्सर सेल्स, मीडिया (सेल्सचं पोषक द्रव) दोघांना एकच. भोकं ०.४ मायक्रॉनचीच (म्हणजे ४०० नॅनोमीटर) घ्या, त्यातून सायटोकाइन्स (सेल्सनी सोडलेली निरोप्या प्रोटीन्स) जातात, एक्सोझोम्सही (सेल्सनी सोडलेल्या बारीक पिशव्या) जातात कारण ते ३० ते १५० नॅनोमीटरचे, पण सेल काही निसटत नाही. ८ मायक्रॉनची घेतलीत तर सेल्स रांगत पलीकडे जातात, ती इन्व्हेजन (सेल्सची घुसखोरी) बघायला ठीक, इथे सगळी खिचडी होईल.

खरी मजा म्हणजे बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. कंडिशन्ड मीडिया (एका सेल्सनी वापरलेलं, त्यांचे निरोप असलेलं) उचलून दुसरीकडे घातलं की ते एकतर्फी होतं, इथे मात्र कॅन्सर सेल टीजीएफ-बीटा हे निरोप्या प्रोटीन सोडते, फायब्रोब्लास्ट चेकाळतो, मग तो आयएल-६ आणि सीएक्ससीएल१२ ही तसलीच प्रोटीन्स सोडतो, ते परत कॅन्सर सेलच्या रिसेप्टरवर बसतात आणि ती अजून शेफारते. आणि शेवटी दोघांचं आरएनए वेगवेगळं काढता येतं, मिसळलेल्या सेल्स वेगळ्या करायची (सॉर्टिंगची) कटकट नाही, यासाठी पूर्ण मार्क.

आता वाईट बाजू. ज्या गप्पा अंगाला अंग लागूनच होतात त्या इथे होणारच नाहीत. गॅप जंक्शन (शेजारच्या सेल्सना जोडणारे बोगदे) नाही, नॉच (चिकटलेल्या सेल्समधला सिग्नल) नाही, फायब्रोब्लास्ट कॅन्सर सेलला धरून ओढत नेतो तेही नाही. पॅनक्रियाजच्या कॅन्सरवर २०१७ साली आलेल्या कामात हेच दिसलं, कॅन्सर सेल्सना चिकटून असलेले फायब्रोब्लास्ट आकुंचन पावणाऱ्या स्नायूसारख्या प्रकारचे झाले आणि इन्सर्टने लांब ठेवलेले आयएल-६ सोडणाऱ्या प्रकारचे. म्हणजे नुसते इन्सर्ट वापरून फायब्रोब्लास्ट असेच असतात असं कोणी छापलं तर मी तरी अर्धंच मानेन.

दुसरं म्हणजे प्लॅस्टिक. टिश्यूपेक्षा लाखो पट कडक, फायब्रोब्लास्ट त्यावर नुसता बसला तरी ॲक्टिव्ह होतो, वर मीडियात घालतो त्या सीरममध्येही (रक्तातला द्रव भाग) टीजीएफ-बीटा असतंच, मग अल्फा-एसएमए (ॲक्टिव्ह फायब्रोब्लास्टची खूण असलेलं प्रोटीन) वाढलं ते कोणामुळे हे कसं ठरवणार? शक्य असेल तर फायब्रोब्लास्ट मऊ जेलमध्ये ठेवा आणि सीरम कमी करा.

बारीकसारीक: पॉलिकार्बोनेटची मेम्ब्रेन मायक्रोस्कोपखाली धुरकट दिसते, पीईटी या पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या. इन्सर्ट तिरका सोडा नाहीतर खाली बुडबुडा अडकतो. मीडिया घालताना पिपेटचं टोक मेम्ब्रेनला लावू नका, फाटते आणि लगेच कळतही नाही. आणि तुलनेसाठी रिकाम्या इन्सर्टचा कंट्रोल ठेवाच, त्याशिवाय पेपर तपासणारा रिव्ह्यूअर सोडणार नाही.

पाचपैकी साडेतीन.