व्हीएचएफची अँटेना: डोलकाठीच्या टोकावर की मागच्या कठड्यावर?

व्हीएचएफ म्हणजे बोटीवरून बोलायचा रेडिओ. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे पहिला हिशेब उंचीचा. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा, की किलोमीटरमधला पल्ला मिळतो. समोरच्या बोटीचा पल्ला त्यात मिळवायचा. १५ मीटरच्या डोलकाठीवरून १६ किलोमीटर येतात, ३ मीटरवरच्या कठड्यावरून जेमतेम ७. दोन्ही बोटींच्या अँटेना कठड्यावर असतील तर १४, म्हणजे गेटवे ते मांडवा. बंदरातच फिरणार असाल तर तेवढं पुरतं. रत्नागिरीकडे निघालात, तर नाही.

टोकावरची खरी किंमत केबलमध्ये मोजावी लागते. साधारण २० मीटर लागते, आणि बारीक आरजी-५८ घातली तर २५ वॉटपैकी १० च वर पोचतात. आरजी-२१३ घातली तर १६-१७ पोचतात, पण तिचं वजन मीटरला दीडशे ग्रॅम. डोलकाठीत लोंबणारी दोन-सव्वादोन किलो केबल वरच्या कनेक्टरवर टांगली गेली की सोल्डर तुटतो, म्हणून ती टोकाशी वेगळी बांधायचीच. एवढं करूनही निवड टोकाचीच बरी: १० वॉटसुद्धा क्षितिज ओलांडायला उंचीवरूनच निघावे लागतात.

कठड्याला ५ मीटर केबल पुरते, तिथे आरजी-५८ चालते. अँटेना हाताशी असते आणि डोलकाठी मोडली तरी रेडिओ जिवंत राहतो. एआयएसची (बोटींची जागा एकमेकींना आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेची) अँटेना इथे लावा आणि गरज पडली की केबल बदलून तीच व्हीएचएफला जोडा.

जागा कुठलीही असो, अँटेना ३ डेसिबलचीच घ्या (डेसिबल जितके जास्त, तितका झोत अरुंद), साधारण मीटरभर उंचीची. ६ डेसिबलची लांब काठी मोटरबोटीला शोभते. शिडाची बोट २५ अंश कलली की त्या काठीचा अरुंद झोत एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जातो.

बिघाड बहुतेक वेळा डोलकाठीच्या बुंध्याशी असतो. तिथला कनेक्टर उघडून पाहा: तांब्याची जाळी हिरवी-काळी पडली असेल तर पाणी आत शिरलंय. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापा, नवा कनेक्टर सोल्डर करा, वरून रबराची आपोआप चिकटणारी टेप ताणून गुंडाळा. डेकमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोका ठेवा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचा आकडा, मात्र अँटेनापाशी मोजा. खराब केबल परतलेली ताकदही गिळते, आणि रेडिओपाशी आकडा उगाच छान दिसतो.