उपवासाचं मऊ थालीपीठ: राजगिरा, साबुदाणा, भाजणी की शिंगाडा?

संकष्टीचा चंद्र रात्री आठ-नऊच्या पुढे उगवतो आणि ऑफिसात डबा उघडतो दुपारी एकला. माझ्यासाठी उपवासाच्या पिठांची निवड या एका गोष्टीवर ठरली. तव्यावरून थेट ताटात आलेलं थालीपीठ कुठल्याही पिठाचं असो, वर लोणी ठेवलं की छानच लागतं. पण तेच चार तासांनी हाताने तुटतं की दातांनी ओढावं लागतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून वाण्याकडे पुड्या चाळत उभं असाल तर आधी ठरवा, थालीपीठ कधी खाणार आहात?

साबुदाणा बहुतेकांच्या घरात असतोच, म्हणून पहिला हात त्याच्याकडे जातो. वाटीभर साबुदाणा पाच-सहा तास भिजवायचा, दोन उकडलेले बटाटे कुस्करून घालायचे, अर्धी वाटी दाण्याचं कूट, मिरची, जिरे, मीठ. बाहेरून खुसखुशीत, आत लुसलुशीत. गरम खायचं असेल तर याला तोड नाही, हे मी राजगिऱ्याची बाजू घेऊनही कबूल करते. पण गार झालं की हेच वातड होतं. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. शिजलेला स्टार्च गार होताना आवळत जातो, त्याला कुणाचा इलाज नाही. शिवाय प्रथिनं जवळपास शून्य, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि चार वाजता पुन्हा कावळे ओरडतात.

डब्यासाठी माझं मत सरळ राजगिऱ्याला. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात, हा फायदा आहेच, पण मुद्दा मऊपणाचा आहे. नुसतं राजगिऱ्याचं पीठ पाण्यात भिजवून थापलंत तर मात्र फसाल. गव्हाच्या कणकेसारखा ताण या पिठात नाही, म्हणून थालीपीठ उलटताना तुकडे पडतात आणि खाताना ते घशाशी बसतं. जोडून धरायला आणि ओलावा राखायला बटाटाच लागतो. माझं प्रमाण असं: एक वाटी पीठ, एक मोठा बटाटा (उकडून, किसून, कुस्करला तर गुठळ्या राहतात), दोन चमचे दाण्याचं कूट, दोन हिरव्या मिरच्या जिऱ्यासोबत वाटून, एक मोठा चमचा दही. पाणी आधी घालूच नका. बटाटा आणि दही यांतच पीठ बरंचसं भिजतं. लागलंच तर हात ओला करण्यापुरतं. दशम्यांचं पीठ दुधात भिजवतात तसं इथेही दह्याऐवजी दूध चालतं, फक्त मग आंबटपणा राहत नाही. बटाटा नको असेल तर रताळं घ्या, पण ते गोड लागतं, तेव्हा एक मिरची वाढवा.

काकडी किंवा लाल भोपळा किसून घातला तर मऊपणा आणखी टिकतो. तेव्हा मीठ सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर कीस पाणी सोडतो, गोळा पातळ होतो, मग आपण पीठ घालत जातो आणि शेवटी थालीपीठ घट्टच होतं.

भाजणी हा मधला मार्ग. साबुदाणा, वरई (म्हणजेच भगर) आणि राजगिरा समान घेऊन वेगवेगळे भाजायचे, वर थोडे जिरे, आणि दळायचं. खमंगपणात बाकी सगळे हिच्यापुढे फिके. महिन्याला दोन एकादश्या आणि संकष्टी असं चक्र असणाऱ्या घराने भाजणीच करावी; सकाळी घाईत बटाटा नसला तरी निभतं. मऊपणासाठी पीठ कोमट पाण्यात भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवा. अडचण दळणाची. गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळलेले असतात, ते थोडे आपल्या डब्यात येतातच. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मिक्सर गाठावा, थोडं रवाळ राहिलं तरी चालतं.

वरईबाबत मात्र जपून. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या सणासुदीला येत राहतात. सुटं, कधी दळलं ते माहीत नसलेलं पीठ घेऊ नका. बंद पाकिटातली अख्खी भगर आणा, निवडून, धुऊन, वाळवून घरीच लागेल तेवढी दळा. पिठाला ओल लागली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात साठवूच नका.

शिंगाडा? एकटा नको. गार झाला की कडक होतो आणि कडा तडकतात. राजगिऱ्यात दोन चमचे मिसळला तर थालीपीठ तव्यावर मोडत नाही, त्याचा उपयोग तेवढाच.

आता 'चालतं का' हा प्रश्न. कुणाकडे कोथिंबीर चालते, कुणाकडे जिरेही नाहीत. काही घरांत वरई नको म्हणतात, आणि तिचं झाड बघितलं तर ते गवताच्या जातीचं धान्यच आहे, त्यामुळे त्यांचं अगदीच चुकत नाही. राजगिऱ्याचं तसं नाही, त्याचा पाला आपण भाजी म्हणून खातो. पण फार खोलात जाऊ नये. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कसावा हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. सासूबाई सांगतील ते प्रमाण.

पीठ कुठलंही घ्या, तव्याचं काम सारखंच. ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापा, पण फार पातळ नको, पातळ थालीपीठ लवकर वाळतं. मधोमध भोकं पाडून त्यात तूप सोडा, पहिली बाजू मंद आचेवर झाकण ठेवून भाजा, दुसरी झाकणाशिवाय. राजगिरा पटकन काळपट होतो, आच मोठी केली की कडू लागतो. डब्यासाठी असेल तर जाळीवर न टाकता सुती फडक्यात गुंडाळा, वाफ निवली की मगच डब्यात भरा. गरम भरलंत तर झाकणाचं पाणी वर पडतं आणि वरचं थालीपीठ लगदा होतं. सोबत दही वेगळ्या डबीत.